तेराव्या महिन्याची जागा

आमच्या घरात दारामागच्या खुंटीला एक दोर टांगलेला असायचा आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. अंबाडीचा दोर, माझ्या वडिलांनी, अण्णांनी, स्वतः वळलेला. टोकाला फुटक्या वरवंट्याचा तुकडा बांधलेला, आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजून दर हाताला एक गाठ. पाच गाठी झाल्या की मायच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी. लहानपणी एकदा मी तो दोर झोका बांधायला पळवला. अण्णांनी मला मारलं नाही, शिवीही दिली नाही. ते उंबऱ्यात बसले आणि अख्खी दुपार एकेक गाठ स्वतःच्या हाताला लावून परत मोजत राहिले, न जाणो झोक्यानं दोर ताणला असेल. माझ्याशी मात्र दोन दिवस बोलले नाहीत. मार परवडला असता.

आमचं गाव भूमच्या अलीकडं, माळावर. जमिनीत माती कमी, दगड जास्त. मोठ्या दुष्काळात मी शाळकरी होते. त्या सालाचं मला सगळ्यात आधी काय आठवतं तर आवाज: सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत खडी फोडण्याचा टाक्-टाक्. अर्धं गाव दुष्काळी कामावर, मायसुद्धा. दुपारी तिथं सुकडी, भाजल्या पिठाचा गोड भुगा, मिळायची, ती माय पदरात बांधून आणायची आणि मी कोरडीच खायची, घशाला चिकटेपर्यंत. घरात मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी. थापताना चिरायची, तव्यावर तुटायची, आणि माय तिला नावं ठेवत ठेवत थापायची, "काय गं बया ह्यो दाना, हातात ऱ्हाईना." चांगला दिवस म्हणजे हुलग्याची शेंगोळी. आजही मी शेंगोळी करते तेव्हा सूनबाई म्हणते, आई, एवढा लसूण? मी म्हणते, गप खा.

त्या कामावर एकदा ओव्हरशियर आला आणि सगळ्यांना विचारलं, गावात आधी कुठल्या बाजूच्या विहिरी आटतात? झालं! जो तो उठून आपलीच विहीर आधी आटते म्हणून ओरडायला लागला. तासभर भांडण झालं आणि ओव्हरशियर वही मिटून निघून गेला. गावच्या सोसायटीचे जे चेअरमन, त्यांच्याकडं अण्णा तेव्हा सालगडी होते. चेअरमनला सगळं गाव नाना म्हणायचं. सालगड्याचं साल पाडव्याला धरायचं आणि पुढच्या पाडव्याला सुटायचं, हे सांगून ठेवते, पुढं लागणार आहे. तर त्या भांडणाचा अण्णांना असा काही राग आला की येत्या पाडव्यापासून त्यांनी दोर वळला, चार आण्याची वही आणली आणि गावातल्या चौदा विहिरी मोजायला सुरुवात केली. काठापासून पाण्यापर्यंत किती हात, किती बोटं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दाम देणार नव्हतं.

मोजायचे अमावास्येला. आमच्या वस्तीत यावरून त्यांना टोमणे बसले. आम्ही बौद्ध. अमुशा, उपास, नवस हे सगळं आमच्या घरातून कधीच हद्दपार झालं होतं, आणि हा माणूस अमुशा धरून बसला! अण्णा शांतपणे सांगायचे, "अमुशाला बैलाच्या मानंवर जू न्हाय. मोट बंद, इंजन बंद. दिसभर हीर निवांत असती. उपसा चालू असला की हीर कायबी सांगती. निवांत असली की खरं सांगती." पुढं पुण्यात मी जलशास्त्राचं एक पुस्तक चाळलं तेव्हा त्यात हेच तीन पानं लावून सांगितलं होतं. मला हसूही आलं आणि रडूही.

नानाच्या मळ्यातल्या विहिरीत मात्र अण्णांचा दोर चालायचा नाही. त्याच विहिरीवर बारा महिने बैल हाकायचे, पण दोर पाण्याला लागलेला चालत नव्हता. मग नानाचा पुतण्या मळ्यातला दोर सोडायचा, ओला झालेला भाग लांबून दाखवायचा आणि अण्णा तो भुईवर पसरून आपल्या दोराशी ताडून घ्यायचे. वहीत त्या आकड्यापुढं एक बारीक टिंब असायचं. टिंब कशाचं, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

वहीत वर फक्त 'अमुशा १', 'अमुशा २' असं लिहिलेलं, खाली चौदा आकडे. महिन्याचं नाव नाही. अण्णा प्रौढ वर्गात शिकलेले, आकडे भराभर लिहायचे पण अक्षर काढायला त्यांना घाम फुटायचा. नऊ सालं त्यांनी हे केलं. मध्ये सालगडीपण सुटलं, रोजगार हमीवर गेले, एकदा ताप भरलेला असताना मायच्या खांद्यावर हात टाकून गेले, पण अमावास्या चुकली नाही.

तोवर मी शिष्यवृत्तीवर पुण्यात संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.ला पोचले होते. आमच्या अभ्यासात संगणक होता, म्हणजे शहराबाहेरच्या एका गणनकेंद्रात आठवड्यातून एकदा जायचं. चपला बाहेर काढायच्या. आत इतका गारठा की मी घोंगडीसारखी शाल गुंडाळून बसायची आणि बाकीच्या मुली तोंड दाबून हसायच्या. हसा म्हटलं. संगणकाला आकडे द्यायच्या कार्डांना भोकं पाडायचं यंत्र खाटखाट वाजायचं आणि मला ते ओळखीचं वाटायचं, खडीच्या कामासारखं. तिथं गोडबोले सर होते. उंच, पांढरा बुशशर्ट, स्वभावानं तिरसट, पण मुलीला किंवा गावाकडच्याला कमी लेखायचे नाहीत. सगळ्यांना सारखंच झापायचे.

त्यांनी आम्हाला अ‍ॅरे शिकवला. एका ओळीत आकडे मांडायचे आणि कितवा ते सांगायचं, हे सोपं. मग ओळी आणि स्तंभ, तेही सोपं, पाढ्याच्या तक्त्यासारखं. पण तीन दिशांचा अ‍ॅरे आला तेव्हा वर्गात सगळे अडले. मला मात्र मायची उतरंड दिसली. आमच्या घरात भिंतीकडं एकावर एक गाडग्यांच्या उतरंडी, त्यांच्या रांगा. माय चुलीपुढून ओरडायची, "पुढची रांग, तिसरी उतरंड, खालून दुसरं, त्यातनं मीठ आन." तीन आकडे सांगितले की नेमकं एकच गाडगं. मी हे वर्गात उठून बोलले. सर म्हणाले, "बरोबर. पण एक ध्यानात ठेव. यंत्राच्या पोटात उतरंडी नसतात. सगळी गाडगी एकाच लांब ओळीत ठेवलेली असतात. तू आधी सांगायचंस, उतरंडीत गाडगी किती आणि रांगेत उतरंडी किती. त्यावरून ते गुणाकार करून जागा काढतं. तू चुकीचं सांगितलंस तर ते भांडणार नाही. मुकाट्यानं मिठाच्या जागी तिखट काढून देईल."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. लिहून घेतल्यानं माणूस शहाणं होत नाही, हे पुढं कळलं.

त्या उन्हाळ्यात मी घरी गेले तर गावात वेगळाच गोंधळ. पाझर तलाव मंजूर झाला होता, एकच. तो वरच्या ओढ्यावर बांधायचा की खालच्या, यावर सोसायटीत ओढाताण चालली होती. वरच्या ओढ्याखाली आमची वस्ती आणि पाच विहिरी. त्यातली एक आमच्या वस्तीची, जी माघातच तळ दाखवायची. मग चार महिने बायका दोन मैलांवरून डोक्यावर पाणी आणायच्या. मायच्या डोक्यावर मधोमध केस नव्हते ते हंड्याखालच्या चुंबळीनं. खालच्या ओढ्याखाली नानाचा मळा. पाटबंधाऱ्याचा साहेब मात्र सरळ माणूस होता. तो म्हणाला, "ज्या बाजूला उन्हाळ्यात पाणी जास्त खोल जातं तिकडं तलाव. पण मला पुरावा द्या, भांडणं नकोत." अण्णांनी त्याच्यापुढं वही ठेवली. साहेबानं पानं उलटली, भुवया चढवल्या आणि म्हणाला, "एवढे आकडे मी कधी लावत बसू? दर महिन्याची सरासरी काढून आणा, विहीरवार."

"मी आणते," मी म्हणाले. "कॉम्प्युटरवर." बोलताना मान किती ताठ होती ते आठवलं की आजही लाज वाटते.

पुण्यात मी एका अमावास्येला एक कार्ड या हिशेबानं कार्डं पाडली. एकशे अकरा झाली. आता नवाला बारानं गुणलं तर होतात एकशे आठ. तीन जास्त. मी क्षणभरही अडले नाही. वही मी ज्येष्ठात आणली होती, तेव्हा ही तीन या चालू सालातली, चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. अर्धवट सालाची सरासरी कशाला? सोडून दिली. प्रोग्रामच्या माथ्यावर लिहिलं: विहिरी चौदा, महिने बारा, सालं नऊ. यंत्रानं एकशे आठ कार्डं सरसर गिळली आणि तीन तशीच खोक्यात राहिली. पहिल्या सालाचे आकडे मी हातानं ताडून पाहिले, बोट न् बोट जुळले. मग काय! हिरव्या पट्ट्यांचा लांबलचक कागद घडी करून, लाल दोरा बांधून मी एस.टी.त बसले.

सोसायटीच्या कचेरीत सगळे जमलेले. बाकावर साहेब, खुर्चीत नाना, आणि दारापाशी आमच्या वस्तीतली माणसं. साहेबानं कागद उलगडला. आधी कौतुकानं, मग हळूहळू त्याच्या कपाळाला आठ्या. "मुली," तो म्हणाला, "शेवटच्या सालात चैत्र-वैशाखात विहिरी अर्ध्या भरलेल्या आहेत. आणि भाद्रपदात तळ. पावसाळ्यात कोरड्या आणि उन्हाळ्यात भरलेल्या? आणि सरासरी बघितली तर वरच्या आणि खालच्या बाजूत म्हणावा तसा फरकच दिसत नाही."

मी कागदावर वाकले. खरंच तसं होतं. 

नाना हसला. मोठ्यानं नाही, आणि तेच जास्त झोंबलं. "साहेब, पोरीचं काय चुकलं न्हाय. मिशन हाय ते, खोटं कशाला बोलंल? वहीच बसल्याजागी लिवलेली दिसती. किसना, अमुशाला कुठं झोपलावता रं?"

कचेरी हसली. किसना म्हणजे आमचे अण्णा. ते उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, नानाकडंही नाही. साहेबाला म्हणाले, "वही खरी हाय." एवढंच. साहेबालाही वाईट वाटलं असावं. पुढच्या आठवड्यात याच वारी परत येतो, तोवर काय ते नीट करून आणा, नाहीतर खालच्या ओढ्यावर आखणी करतो, असं तो सांगून गेला. आठ दिवस. अण्णांच्या नऊ सालांना आठ दिवस, आणि त्यांना खोटं पाडलं ते माझ्या कागदानं.

आम्ही घरी आलो. माय सगळं ऐकूनच बसली होती. तिनं माझ्यापुढं भाकरी, ठेचा आणि ताक सरकवलं. मी म्हटलं, नको. "नको काय? चुकलीस तर उपाशी ऱ्हाऊन दुरुस्त हुतंय व्हय ते? खा आन् मंग डोकं चालीव," माय म्हणाली. मी खाल्लं. रडत रडत, नाक ओढत, पण दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "शकू, तू कसं मांडलंस ते मला दाव. मला काय इंग्रजी समजंना, पर मांडणी समजंल." मला आधी वाटलं, यांना काय सांगू? मग स्वतःचीच चीड आली. मी अंगणात खडे मांडले. एक खडा एक अमावास्या. बारा खड्यांची एक ओळ, एक साल. पहिली ओळ, दुसरी ओळ. अण्णा वहीत बघून खड्यांबरोबर बोलत होते. "ही पेरनीची. ही पोळ्याची. ही दिवाळीची." पहिली ओळ पुरी झाली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्यांचा हात थांबला.

"धोंड्याचा कुठाय?"

"काय?"

"धोंड्याचा म्हैना, अगं! ह्या सालात दोन भादवे आले. ही ओळ तेराची पायजे. तू बारालाच तोडलीस."

धोंड्याचा म्हणजे अधिक महिना! दर तिसऱ्या सालाला येतो. गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ज्यांच्या घरी जावयाला धोंडे वाढतात, ज्यांच्या घरी पंचांग टांगलेलं असतं, त्यांच्या मुलीनं ही चूक केली नसती. आमच्या घरात धोंडे नाहीत, पंचांग नाही, आणि मला त्याचा अभिमान होता, अजून आहे. महिने म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, बारा. चैत्र-वैशाख मी नुसते त्या बाराला चिकटवले. आणि गंमत बघा, अमावास्येवर सगळं उभारलेली वही समोर असताना अमावास्या सालात बारा असतात की तेरा, हे विचारायचं मला सुचलं नाही. प्रत्येक तेराव्यानंतर सगळं एकेक घर पुढं सरकत गेलं होतं. तीन वेळा. मीठ तिखटाच्या जागी.

"आणि ही शेवटची तीन?" मी विचारलं. "ही या सालातली ना?"

"न्हाय. पाडव्यापास्नं नवी वही केली की मी. ही नऊ सालाचीच हाय. फाल्गुनाच्या अमुशाला मिटली."

नऊ सालं, तीन अधिक महिने, एकशे अकरा. खोक्यात उरलेली तीन कार्डं मला दिसायला लागली. यंत्रानं ती माझ्या तोंडावर परत टाकली होती आणि मी बघितलंही नव्हतं.

"अण्णा, तुमच्या हे एवढं पक्कं ध्यानात कसं?" मी विचारलं, काहीतरी बोलायचं म्हणून. अण्णांनी तो दुसऱ्या ओळीतला धोंड्याचा, जागा नसलेला खडा उचलला आणि तळहातावर ठेवला.

"त्या साली मी नानाकडं व्हतो," ते म्हणाले. "साल पाडव्याला धरत्यात, पाडव्याला सोडत्यात. मदी धोंडा आला की सालगड्यानं तेरा म्हैने राबायचं. दाम सालाचंच. म्या इचारलं, नाना, एक म्हैना जादा झाला. नाना म्हणला, पाडवा ते पाडवा ठरलंय, म्हैने कोन मोजतंय? त्यो म्हैना फुकट राबलो पोरी. इसरंन कसा?"

मी त्याच दिवशी दुपारच्या एस.टी.नं निघाले. मायनं भाकरी बांधून दिली आणि पाठीत एक धपाटा घातला, प्रेमाचाच. बस बार्शीच्या अलीकडं बंद पडली, दोन तास गेले. मी रस्त्याकडेला दगडावर बसून नवा प्रोग्राम कागदावर लिहून काढला. बाजूच्या म्हातारीनं विचारलं, "काय लिव्हतीस गं बाय?" मी म्हटलं, "चूक." ती म्हणाली, "लिव्ह, लिव्ह."

गोडबोले सरांनी कागद बघितला आणि भडकले. "चौदा, तेरा, नऊ? नवांतल्या सहा सालांत तेरावा महिनाच नाही. त्या सगळ्या जागा रिकाम्या जाणार. यंत्रात जागा काय फुकट येते? अधिकाची कार्डं काढून टाक आणि बाराच चालव, सरासरी नीट येईल."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. महिने आपापल्या जागी बसले असते आणि साहेबाला पाहिजे ते मिळालं असतं. पण माझं डोकं फिरलं. मी सरांशी तोवर कधी वर आवाज करून बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "सर, तो महिना काढून टाकायचा नाही. तो मोजलाय. जागा गेली तर गेली."

 मग मी त्यांना सालगड्याची गोष्ट सांगितली, तुटक तुटक. त्यांनी चष्मा काढून पुसला. "रिकाम्या जागेत काय भरशील?" त्यांनी विचारलं.

"उणे एक. काठाच्या वर पाणी नसतं, म्हणजे उणे एक खरा आकडा असूच शकत नाही. सरासरी काढताना उणे आला की सोडून द्यायचा."

"आणि कुठल्या सालात तेरावा, हे यंत्राला कोण सांगणार? ते मुकाट्यानं..."

"सालाआधी एक कार्ड, बारा की तेरा आणि तेरावा कुठं आला ते सांगणारं," मी म्हणाले. "आणि अधिक महिना मधे आला तरी त्याला तेरावी ओळ, बाकीचे आपापल्या नावावर. हे सगळं मी अण्णांकडून लिहून आणलंय."

सर म्हणाले, "बस. माझी वेळ तू घे." स्वतःच्या कामाची वेळ त्यांनी मला दिली. या वेळी मी पहिल्या सालावर भरवसा ठेवला नाही. दर सालातला ज्येष्ठ आणि दर सालातला पोळा हातानं ताडला. दोनदा चूक निघाली, दोनदा कार्डं बदलली. तिसऱ्यांदा कार्डांचा गठ्ठा आत गेला आणि खोकं रिकामं झालं. एकही कार्ड उरलं नाही. मी खोक्यात हात घालून चाचपून बघितलं, इतकी माझी खात्री उडाली होती.

आठव्या दिवशी मी कचेरीत कागद पसरला. साहेबानं बोट ठेवून एकेक विहीर वाचली. वरच्या बाजूच्या पाच विहिरी ज्येष्ठापर्यंत बाकीच्यांपेक्षा सरळ सात-आठ हात खोल जात होत्या, एकूण एक साली. श्रावणात सगळ्या चढत होत्या, जशा चढायला पाहिजेत तशा. साहेब म्हणाला, "आता बरोबर दिसतंय. पण मागच्या वेळी निराळं आणि आज निराळं, असं का?"

"माझी चूक," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वहीची नाही. मी सालाला बारा महिने धरले. तीन सालांत तेरा होते."

नाना खुर्चीत पुढं सरकला. "आता काढलं का तेरा! साहेब, सालाला बारा म्हैने असत्यात. हे पायजे तसं आकडं फिरवायला लागलं."

अण्णा दारापाशी होते. तिथून दोन पावलं आत आले. आवाज चढवला नाही.

"नाना," ते म्हणाले, "दोन भादवे आले त्या साली मी तुमच्याकडं व्हतो. मला तेरा म्हैने राबीवलं तुमी. तवा म्हणला, म्हैने कोन मोजतंय? मी मोजत व्हतो, नाना."

कचेरीत कुणी हसलं नाही. नाना दोन्हीकडून अडकला.  तेरा नव्हते म्हणावं तर पाडवा ते पाडवा धरून वसूल केलेलं काय, आणि होते म्हणावं तर वही खरी. सोसायटीचे दोन म्हातारे सभासद माना हलवून म्हणाले, व्हय, त्या साली दोन भादवे होते खरे. साहेबानं खिशातून पेन काढलं आणि वरच्या ओढ्यावर आखणी लिहिली.

तलाव व्हायला पुढं तीन उन्हाळे गेले, सरकारी काम ते. नानाच्या मळ्यातल्या विहिरीत अण्णांचा दोर शेवटपर्यंत गेला नाही, टिंब तसंच राहिलं. सगळं सुधारलं असं मी सांगणार नाही. पण आमच्या वस्तीच्या विहिरीला मे महिन्यात पाणी राहिलं आणि मायच्या डोक्यावरची चुंबळ सुटली. पुढं मी चाळीस वर्षं याच धंद्यात काढली. यंत्रं किती बदलली, आता पोरं एका ओळीत असले दहा अ‍ॅरे बनवतात. माझ्या हाताखालच्या पोरांना मी एकच प्रश्न इतक्या वेळा विचारला की ते माझी नक्कल करायचे: बारा तुला कुणी सांगितलं?

आखणी लिहिली त्या दिवशी घरी आल्यावर अण्णांनी तो कागद मागून घेतला. उंबऱ्यात बसून मांडीवर पसरला. इंग्रजी आकडे त्यांना वाचता येत नव्हते, पण मांडणी कळत होती. बोटानं ओळी मोजत खाली गेले, एक, दोन, दहा, बारा. दुसऱ्या सालाच्या तेराव्या ओळीवर बोट थांबलं. तिथं चौदा आकडे होते.

"ह्यो त्यो का?"

"हो अण्णा. तोच."

त्यांनी त्या ओळीवरून बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, सावकाश. मग मायला हाक मारली. "अगं, हिकडं ये, बग. माझा म्हैना लिवला गेला."